‘फीवर’ सोडून दुसरं कारण सांगता येतं का? उशीर, रजा आणि नकार यांचं रोजचं इंग्रजी

शाळेत असताना आपण सगळ्यांनी इंग्रजीतला एक अर्ज पाठ केलेला असतो. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’ असं त्यात असतं आणि शेवटी दोन दिवसांची रजा मागितलेली असते. शाळा सुटते, पुस्तकं रद्दीत जातात, पण हे वाक्य डोक्यात राहतं. मग उमरगा, कळंब किंवा परंड्याहून पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा मामूच्या मुलीच्या निकाहसाठी रजा मागतो, तेव्हाही मेसेजमध्ये लिहितो, ‘सर, आय हॅव फीवर.’

त्याला खोटं बोलायचं नसतं. ‘घरात लग्न आहे, दोन दिवस लागतील, सोमवारी येतो’ हे मराठीत तो बिनदिक्कत सांगेल. अम्मीशी बोलताना दखनीतही सांगेल. पण इंग्रजीत कारण सांगायला त्याच्याकडे एकच शब्द आहे, ‘फीवर’. दुसरा फार तर ‘आउट ऑफ स्टेशन’. शब्द कमी पडतात म्हणून खोटं बोललं जातं आणि खोटं पकडलं गेलं की माणसावरचा भरवसा जातो. नवीन नोकरीत पहिले सहा महिने भरवसा हीच खरी कमाई असते.

म्हणून हा लेख. यात व्याकरणाचे नियम नाहीत. उशीर झाला, रजा हवी आहे, नाही म्हणायचं आहे, समोरच्याचं बोलणं कळलं नाही, अशा रोजच्या वेळी खरं कारण थोडक्यात आणि अदबीनं सांगता यावं, एवढ्यापुरतीच वाक्यं आहेत. सगळी देवनागरीत दिली आहेत, म्हणजे घरात कुणालाही वाचता येतील.

उज्र वेगळा, बहाणा वेगळा

हा फरक आपल्या घरांत नवा नाही. रोजा ठेवता येत नसेल तर आजार किंवा सफर हा शरई उज्र असतो, म्हणजे मान्य असलेलं खरं कारण. आणि नुसतं टाळण्यासाठी काढलेलं कारण म्हणजे बहाणा. इंग्रजीतही जवळपास असंच आहे. खऱ्या कारणाला ‘रीझन’ म्हणतात, तर टाळाटाळीच्या कारणाला बहुतेक वेळा ‘एक्स्क्यूस’ म्हणतात. साहेब ‘नो एक्स्क्यूसेस’ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘कारण सांगूच नका’ असा नसतो, ‘बहाणे नकोत’ असा असतो. तुमच्याकडे खरं कारण असेल तर ते सांगायचंच.

या शब्दाच्या उच्चारात एक गंमत आहे. नाम असेल तर शेवटी ‘स’ येतो, ‘एक्स्क्यूस’, म्हणजे बहाणा. क्रियापद असेल तर शेवटी ‘ज़’ येतो, ‘एक्स्क्यूज़’, म्हणजे माफ करणं. उर्दू शिकलेल्या मुलांना हा ‘ज़’ लगेच जमतो, ‘नमाज़’मधला आहे तोच.

‘मेक ॲन एक्स्क्यूस’ म्हणजे बहाणा करणं. ‘मेक अप ॲन एक्स्क्यूस’ म्हणजे बहाणा रचणं. न पटणाऱ्या कारणाला मराठीत आपण ‘लंगडी सबब’ म्हणतो, इंग्रजीतही ते ‘लेम एक्स्क्यूस’च असतं. दोन्ही भाषांमध्ये बहाणा लंगडतच चालतो.

हा ‘सबब’ शब्द मूळ अरबी आहे, अर्थ ‘कारण’. रजा, अर्ज, मंजूर, हजर, गैरहजर, मुदत, माफी हे सगळे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नावही शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळालं होतं. त्या काळी दफ्तराची भाषा उर्दू होती. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथे उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं जात होतं. पुढे दफ्तर मराठीत आलं, पण हे शब्द टिकले. आजही शाळेतल्या रजेच्या अर्जात ते निम्म्याहून जास्त जागा अडवतात. सांगायचा मुद्दा एवढाच की दफ्तराची भाषा बदलली तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी नवी भाषा शिकून घेतली. आता कंपनीचं, कॉलेजचं आणि आखाती देशांतल्या कामाचं दफ्तर इंग्रजीत आलं आहे. तेही शिकता येतं.

तीन तुकड्यांचं वाक्य

इंग्रजीत कारण सांगण्याची एक साधी रीत लक्षात ठेवा. आधी ‘सॉरी’, मग थोडक्यात खरं कारण, आणि शेवटी आता आपण काय करणार ते.

आपण बहुतेक वेळा मधल्या तुकड्यावर अडकतो. ‘ॲक्च्युअली सर, क्या हुआ की...’ असं सुरू करून एसटी, पाऊस, पंक्चर, सगळं सांगत बसतो. ऐकणाऱ्याला मात्र एकच गोष्ट हवी असते, हा माणूस येणार किती वाजता? तो शेवटचा तुकडा आपल्या बोलण्यात राहूनच जातो. आणखी एक सवय म्हणजे ‘ॲक्च्युअली’नं सुरुवात करणं. ते ऐकलं की समोरच्याला वाटतं, आता बहाणा येणार.

समजा, तुळजापूरहून रोज सोलापूरला कामाला जाणाऱ्या मुलीची बस वाटेत बंद पडली. तिनं एवढाच मेसेज करावा:

‘सॉरी सर, माय बस हॅज ब्रोकन डाऊन. आय विल रीच बाय टेन थर्टी.’

म्हणजे, माफ करा सर, बस बंद पडली आहे, साडेदहापर्यंत पोहोचते. तीन तुकडे, दोन ओळी. आणि हा मेसेज नऊ वाजता जायला हवा, साडेदहाला पोहोचल्यावर नाही. आधी कळवलेलं कारण लोक रीझन समजतात. तेच कारण नंतर सांगितलं की एक्स्क्यूस वाटायला लागतं.

उशीर झाला तर

– ‘आय ॲम रनिंग लेट.’ मला उशीर होतोय. (यात ‘रनिंग’ म्हणजे पळणं नाही.)
– ‘आय ॲम ऑन माय वे.’ मी निघालोय, वाटेत आहे. (अजून घरातच असाल तर हे लिहू नका.)
– ‘आय गॉट स्टक इन ट्रॅफिक.’ ट्रॅफिकमध्ये अडकलो.
– ‘आय मिस्ड द बस.’ बस चुकली. (‘बस मिस्ड मी’ असं होत नाही.)
– ‘आय ओव्हरस्लेप्ट. इट वोन्ट हॅपन अगेन.’ जाग आली नाही, पुन्हा असं होणार नाही.
– ‘सॉरी टु कीप यू वेटिंग.’ तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा.

रमजानमध्ये सहरीनंतर डोळा लागला आणि उशीर झाला तर ‘फीवर’ कशाला? ‘आय ओव्हरस्लेप्ट’ हा एक शब्द पुरतो. खरं आहे, छोटं आहे आणि महिन्यातून एकदा कुणालाही माफ होतं.

रजा मागताना

इथे आपल्याकडच्या इंग्रजीतले काही शब्द गडबड करतात, ते आधी पाहू.

‘आउट ऑफ स्टेशन’. इंग्रजांच्या राज्यात साहेब आणि फौज जिथे नेमलेली असे त्या ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणत. त्यावरून गावाबाहेर जाणं म्हणजे ‘आउट ऑफ स्टेशन’ झालं. भारतात ते चालतं. पण परदेशी साहेबाला वाटेल, हा रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभा आहे. त्याऐवजी ‘आय ॲम आउट ऑफ टाउन’ म्हणा.

‘माय मदर इज सिरियस’. आपल्याला म्हणायचं असतं, अम्मीची तब्येत फार बिघडली आहे. पण नुसतं ‘सिरियस’ म्हटलं तर ‘माझी आई गंभीर स्वभावाची आहे’ असाही अर्थ निघतो. ‘माय मदर इज व्हेरी इल’ किंवा ‘माय मदर इज इन हॉस्पिटल’ हे स्पष्ट आहे.

‘माय सिस्टर्स मॅरेज’. ‘मॅरेज’ म्हणजे संसार, पुढची सगळी वर्षं. एका दिवसाच्या कार्यक्रमाला ‘वेडिंग’ म्हणतात. ‘माय कझिन्स वेडिंग इज ऑन सनडे. मे आय टेक लीव्ह ऑन सॅटरडे अँड मंडे?’ आणि चुलतभाऊ असो की मामेबहीण, नुसतं ‘कझिन’ पुरेसं आहे, पुढे ‘ब्रदर-सिस्टर’ लावायची गरज नाही.

‘सम प्रॉब्लेम’, ‘अर्जंट वर्क’. यातून काहीच कळत नाही. रजा देणारा आणखी चार प्रश्न विचारतो आणि आपण गोंधळतो.

आजारपणासाठी ही वाक्यं:

– ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल.’ बरं वाटत नाही.
– ‘आय हॅव ॲन अपसेट स्टमक.’ पोट बिघडलंय.
– ‘आय हॅव अ बॅड कोल्ड.’ जोराची सर्दी आहे.
– ‘आय नीड टु टेक माय फादर टु द डॉक्टर.’ अब्बांना डॉक्टरकडे न्यायचं आहे.

ईद, जुम्मा आणि मयत

ही तीन कारणं आपल्या मुलांना नेहमी लागतात, पण शाळेच्या पुस्तकात यांची वाक्यं सहसा सापडत नाहीत.

ईदची अडचण अशी की तारीख चाँदवर ठरते. महिना 29 चा होणार की 30 चा, हे आदल्या संध्याकाळी कळतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांना वाटतं, या माणसाला स्वतःच्या सणाची तारीखही नक्की सांगता येत नाही. म्हणून आठवडाभर आधीच लिहून ठेवावं:

‘ईद डिपेंड्स ऑन द मून. इट विल बी आयदर फ्रायडे ऑर सॅटरडे. मे आय टेक लीव्ह ऑन द डे ऑफ ईद? आय विल कन्फर्म द ईव्हनिंग बिफोर.’

जुम्म्यासाठी गुपचूप निघून जाऊ नका. विचारा:

‘आय नीड अबाउट फॉर्टी मिनिट्स फॉर फ्रायडे प्रेयर. आय विल मेक अप द टाइम इन द ईव्हनिंग.’

जुम्म्याच्या नमाजसाठी चाळीस मिनिटं लागतील, संध्याकाळी वेळ भरून काढेन. इथे ‘मेक अप द टाइम’ म्हणजे वेळ भरून काढणं. मघाशी ‘मेक अप ॲन एक्स्क्यूस’ म्हणजे बहाणा रचणं होतं. शब्द तेच आहेत, अर्थ मात्र पुढच्या शब्दावर ठरतो.

तिसरं कारण सगळ्यात अवघड आहे. घरी मयत झाली की आपल्याकडे दफन लांबवत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी होतं. पुण्याहून धाराशिवला पोहोचायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे फोन आल्यावर अर्ध्या तासात निघालं तरच जनाजा मिळतो. अशा वेळी रडवेल्या आवाजात ‘सर, अर्जंट, होम, प्रॉब्लेम’ एवढंच तोंडातून निघतं. साहेब म्हणतात, ‘हातातलं काम संपवा, सकाळी जा.’ त्यांचंही चुकत नाही, कारण आज संध्याकाळीच मिट्टी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ही तीन वाक्यं घरातल्या प्रत्येक नोकरदार मुला-मुलीला पाठ हवीत:

‘माय ग्रँडमदर पास्ड अवे धिस मॉर्निंग. द बेरिअल इज टुडे इटसेल्फ. आय नीड टु लीव्ह नाऊ.’

दादी सकाळी गेल्या. दफन आजच आहे. मला आत्ता निघावं लागेल. दफनाच्या शब्दाचा उच्चार ‘बेरिअल’ असा आहे, ‘बुरिअल’ नाही. आणि माणूस गेला तर ‘एक्सपायर्ड’ म्हणू नका. मुदत औषधाची आणि लायसन्सची संपते, माणसासाठी ‘पास्ड अवे’ म्हणतात. पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी ‘आय विल बी बॅक ऑन थर्सडे’ एवढं कळवलं की झालं.

नाही म्हणताना

दखनीत ‘नक्को’ म्हटलं की विषय संपतो. तो मराठीच्या ‘नको’चाच भाऊ आहे. इंग्रजीत नुसतं ‘नो’ म्हटलं तर फटकन थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. म्हणून ‘नो, थँक यू’ असं जोडीनं म्हणावं.

– ‘नो, थँक यू. आय ॲम फास्टिंग.’ नको, रोजा आहे. पुढे ‘प्लीज गो अहेड’ म्हणा, म्हणजे तुम्ही खा, संकोच करू नका. समोरच्यालाही बरं वाटतं.
– ‘आय डोन्ट ड्रिंक. ज्यूस इज फाइन फॉर मी.’ मी पीत नाही, ज्यूस चालेल. ऑफिसच्या पार्टीत ‘डॉक्टरांनी मना केलंय’ असा बहाणा करण्यापेक्षा हे सोपं आहे. बहाण्याला दर पार्टीत नवा डॉक्टर शोधावा लागतो.
– ‘इज देअर चिकन ऑर मीट इन धिस?’ यात चिकन-मटण आहे का? असेल तर ‘आय ईट ओन्ली हलाल, सो आय विल टेक द व्हेज.’
– ‘आय वुड लव्ह टु कम, बट आय हॅव समथिंग अॅट होम.’ यायला आवडलं असतं, पण घरी काही आहे.
– ‘सॉरी, आय कान्ट लेंड मनी राइट नाऊ.’ आत्ता उसने पैसे देऊ शकत नाही. (‘लेंड’ म्हणजे देणं, ‘बॉरो’ म्हणजे घेणं. या दोन शब्दांत हमखास अदलाबदल होते.)

सगळं सांगायलाच हवं असं नाही

खरं बोलणं म्हणजे घरातली प्रत्येक गोष्ट ऑफिसात मांडणं नव्हे. मुलींना हे मुद्दाम शिकवावं. महिन्याचा त्रास असेल, घरात तलाकचं प्रकरण चालू असेल, बघण्याचा कार्यक्रम असेल, तर पुरुष साहेबाला ते कसं सांगणार? मग पुन्हा ‘फीवर’च आठवतो. त्याची गरज नाही. हे म्हणता येतं:

‘आय नीड अ डे ऑफ फॉर अ पर्सनल रीझन.’
‘इट्स अ फॅमिली मॅटर.’
‘आय वुड रादर नॉट गो इंटू डिटेल्स.’

शेवटच्या वाक्याचा अर्थ, याबद्दल जास्त न बोललेलं बरं. हे उद्धट नाही, ऑफिसात चालणारं सभ्य वाक्य आहे. तपशील झाकला म्हणजे खोटं बोललं असं होत नाही.

अम्मी-अब्बांसाठीही

मुलगा इंग्रजी शाळेत आहे, पण पालकसभेला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, अशी घरं आपल्या आठही तालुक्यांत आहेत. आधी हे लक्षात घ्या की शाळेत मराठीत बोलायला काहीच हरकत नाही. पण डायरीत किंवा मेसेजवर दोन ओळी इंग्रजीत लिहिता आल्या तर मुलालाही बळ येतं.

– ‘माय सन वॉज नॉट वेल यस्टर्डे, सो ही कुड नॉट कम टु स्कूल.’ काल मुलाला बरं नव्हतं म्हणून शाळेत आला नाही.
– ‘आय कुड नॉट अटेंड द मीटिंग. कॅन आय मीट यू टुमॉरो?’ सभेला येता आलं नाही, उद्या भेटू का?
– ‘कॅन आय पे द फीज बाय द टेन्थ?’ दहा तारखेपर्यंत फी भरली तर चालेल का?
– ‘कॅन आय पे इन टू इन्स्टॉलमेंट्स?’ दोन हप्त्यांत भरू का?

फीच्या बाबतीत खूपजण फोन उचलणंच बंद करतात. न उचललेला फोन हाही एक बहाणाच आहे, आणि त्याची किंमत वर्गात बसलेलं लेकरू मोजतं. मुदत मागण्यात कमीपणा नाही.

आणि बोलणं कळलं नाही तर मान हलवून ‘यस, यस’ करू नका. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणजे कळलं नाही. ‘कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ म्हणजे पुन्हा हळू सांगता का? फोनवर आवाज तुटत असेल तर ‘यू आर ब्रेकिंग अप, कॅन आय कॉल यू बॅक?’ आणि वाट मागताना किंवा कुणाचं लक्ष वेधताना ‘एक्स्क्यूज़ मी’. धक्का लागल्यावर मात्र ‘सॉरी’.

‘आय विल ट्राय’ आणि इन्शाअल्लाह

‘बघतो’, ‘करतो’, ‘होऊन जाईल’ ही आपली नेहमीची उत्तरं. इंग्रजीत त्याचं ‘आय विल ट्राय’ होतं आणि ऐकणारा समजून जातो की काम होणार नाही. इन्शाअल्लाहचंही आपण असंच करून ठेवलं आहे. त्याचा अर्थ, माझा इरादा पक्का आहे, बाकी अल्लाहची मर्जी. पण टाळायचं असलं की आपण तोच शब्द लांबवून म्हणतो आणि ज्याला टाळायचं त्यालाही ते कळतं. दिलेला वादा मोडणं आपल्या दीनमध्ये किती वाईट मानलं आहे, हे वेगळं सांगायला नको.

उपाय सोपा आहे, वेळ जोडा. ‘इन्शाअल्लाह, आय विल सेंड इट बाय फाइव्ह.’ उस्मानाबादी शेळीचा सौदा फोनवर ठरवणारा व्यापारी असो की दुबईत कामाला गेलेला भाऊ, वेळ सांगितली की शब्दाला वजन येतं. आणि वेळ पाळता येणार नसेल तर पाच वाजण्याआधीच ‘आय नीड वन मोअर डे’ असं कळवावं.

घरी सराव

क्लासची गरज नाही. रात्री दस्तरखान उचलल्यावर दहा मिनिटं काढा. एकानं साहेब व्हायचं, दुसऱ्यानं रजा मागायची. अट एकच, ‘फीवर’ म्हणायचं नाही. सॉरी, कारण, पुढे काय करणार, हे तीनही तुकडे आले की पास. आठवड्यात तीन वाक्यं घ्या, जास्त नको. छोट्यांनाही खेळात घ्या. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे काही घरांत लेकरंच दादीचे उस्ताद होतील. ते व्हायलाच हवं.

मयतच्या त्या तीन वाक्यांपासून सुरुवात केलीत तर बरं. अल्लाह न करो, पण ती लागतील त्या दिवशी शिकायला वेळ नसेल.